ट्रेडमिल घ्यावी का, आणि घ्यायचीच तर कशी?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे दीडशे वर्षं झाली, या गावातली माणसं संध्याकाळी खुर्चीत बसून भाषणं ऐकताहेत. त्या खुर्चीवरून उठवणाऱ्या एका यंत्राबद्दल आज बोलायचं आहे. विषय कळवला तेव्हा आयोजकांचा फोन आला, की सर, ट्रेडमिल म्हणजे आपली ती चालायचीच ना, की काही वेगळी संकल्पना आहे? म्हटलं, चालायचीच. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं हे खरं, पण निवृत्तीनंतर मला कोणी मोक्षाबद्दल विचारत नाही. गुडघ्याबद्दल विचारतात, आणि अलीकडे ट्रेडमिलबद्दल विचारतात. (हशा)

प्रश्न साधारण असा असतो. "सर, मुलगा म्हणतोय, बाबा मी पैसे पाठवतो, तुम्ही एक चांगली ट्रेडमिल घेऊन टाका. कुठली घेऊ?" मुलगा न्यू जर्सीत असतो, नाहीतर बंगळुरात. त्याला काळजी असते आणि ती खरी असते. पण या प्रश्नात एक गोष्ट आधीच धरून चाललेली आहे. 'कुठली घेऊ' असं विचारलं की 'घ्यायची' हे ठरूनच गेलं. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही याची उदाहरणं द्यायचो. म्हणून आधी 'घ्यायची का' हे पाहू. मग मोटार, पट्टा, वीज, सगळ्याकडे येतो. घाई करू नका, किमतीपर्यंत पोचणार आहे मी.

हे यंत्र आलं कुठून, हे दोन मिनिटांत सांगतो, कारण ते गमतीचं आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तुरुंगासाठी एक मोठं फिरतं चाक तयार केलं. त्याच्या पायऱ्यांवर कैद्यांनी तासन्‌तास चढत राहायचं. कधी त्यावर धान्य दळलं जायचं, कधी काहीच नाही, नुसतंच चढायचं. ऑस्कर वाइल्डलाही १८९५ मध्ये तुरुंगात हे भोगावं लागलं. पुढे १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडातून ही शिक्षा गेली. आणि १९५२ मध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टन विद्यापीठात, रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञाने आणि वेन क्विंटन या तंत्रज्ञाने मोटारीवर चालणारा पट्टा हृदयाच्या तपासणीसाठी आणला. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांची 'टीएमटी' झालेली असेल. ती त्या ब्रूसच्याच पद्धतीने होते. पहिल्या तीन मिनिटांत वेग ताशी २.७ किलोमीटर आणि चढ १० टक्के, मग दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढत जातात. म्हणजे आधी शिक्षा, मग तपासणी, आणि व्यायाम त्यानंतर. दिवाणखान्यात ही वस्तू आली ती अगदी अलीकडे.

तर, घ्यायची का?

ज्याला रोज बाहेर चालायला जाता येतं, आवडतं, आणि पडायची भीती नाही, त्याने घेऊ नये असं माझं मत आहे. पुण्यात अजून वेताळ टेकडी आहे, हनुमान टेकडी आहे, तळजाई आहे, पर्वतीच्या पायऱ्या आहेत. वेताळ टेकडी वाचावी म्हणून २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे. टेकडीवर खाचखळगे असतात, दगड असतात, पाऊल प्रत्येक वेळी वेगळं पडतं. त्या वेगळेपणात तोलाचा व्यायाम होतो. ट्रेडमिलवर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखंच. शिवाय टेकडीवर माणसं भेटतात. सत्तरीनंतर ज्याची टेकडीवरची मंडळी शाबूत आहेत त्याला यंत्राची गरज फारशी नाही.

पण सगळ्यांना हे जमत नाही. का जमत नाही याची कारणं मात्र खरी हवीत. एक कारण म्हणजे आपले पदपथ. सलग दोनशे पावलं एका पातळीवर चालता येईल असा पदपथ पेठांमध्ये दाखवा. मध्येच चौथरा, मध्येच दुचाकी, मध्येच उघडं झाकण. या वयात खुब्याचं हाड मोडणं ही साधी गोष्ट नाही, त्यातून पुष्कळ जण पूर्वीसारखे उठतच नाहीत. दुसरं कारण पाऊस आणि अंधार. तिसरं, दमा असणाऱ्यांसाठी धूळ आणि धूर. आणि लॉकडाऊनचा अनुभव आहेच. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं, टेकड्या बंद, बागा बंद. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा त्या वर्षी दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. तेवढ्या महिन्यांत कितीतरी घरांत ट्रेडमिल आल्या. त्यातल्या बऱ्याच आज विकायला आहेत, त्याबद्दल शेवटी.

चौथ्या कारणाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा थांबून बोलणार आहे. काही माणसांना घर सोडताच येत नाही. माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर चार वर्षं ती अंथरुणावर होती. सकाळी तीन तास मावशी यायच्या. त्या तीन तासांत बँक, औषधं, भाजी, रिक्षाची वाट बघणं, हे सगळं. उरलेला सगळा वेळ मी घरात. त्याआधी पस्तीस वर्षं मी रोज टेकडीवर जात होतो. सहा महिन्यांत माझी साखर वाढली, पाठ धरली, आणि तिला कुशीवर वळवताना माझेच हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही पडलात तर त्यांचं कोण करणार? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ट्रेडमिल घेतली आणि तिच्या खोलीच्या दाराशी, तिला दिसेल अशी ठेवली. तिचा उजवा हात चालत नव्हता, डावा चालायचा. त्या डाव्या हाताच्या बोटाने ती मला खूण करायची, वेग वाढव.

हे सांगण्याचं कारण असं की दुकानात गेल्यावर मला काय विचारायचं ते या परिस्थितीने ठरवलं. यंत्र चालू असताना तिची हाक मला ऐकू आली पाहिजे, म्हणजे आवाज कमी हवा. दोन सेकंदांत उतरता आलं पाहिजे, म्हणजे पट्टा जमिनीपासून फार उंच नको आणि थांबायचं बटण हाताशी हवं. वेग मला ताशी पाचच्या वर नेहमी लागणार नव्हता. पडद्यावर चित्रपट दिसतो का, बारा कार्यक्रम आहेत का छत्तीस, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. दुकानदार तेच दाखवत होता. आपल्याला यंत्र कशासाठी हवं, ते एका वाक्यात कागदावर लिहून मग दुकानात जावं. वाक्य लिहिता येत नसेल तर जाऊ नये.

आता मोटार. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, ४ एचपी, ६ एचपी. बारीक अक्षरात पुढे 'पीक' असं असतं. पीक म्हणजे मोटार क्षणभर, अगदी ताणून, जेवढी ताकद दाखवू शकेल तेवढी. आपल्याला लागते ती सलग मिळणारी ताकद, तिला 'कंटिन्युअस एचपी' म्हणतात. आपल्याकडे नैयायिकांनी शब्द हे एक प्रमाण मानलं आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे. बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक असा अर्थ इथे घेऊ नका. (हशा) ज्याला विषय माहीत आहे आणि ज्याला आपल्याला फसवण्याचं काही कारण नाही, तो आप्त. विक्रेत्याला पहिली अट लागू पडेलही कदाचित, दुसरी पडत नाही. इंटरनेटवर तारे देणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल आपल्याला दोन्ही माहीत नसतात. मग काय करायचं? अनुमान करायचं. आणि त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या भिंतीवर आहे.

भिंतीवरचं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. आपल्याकडे व्होल्टेज २३० धरतात. दोहोंचा गुणाकार १३८० वॉट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे त्या सॉकेटमधून सलग जेमतेम १.८५ अश्वशक्तीएवढी वीज येऊ शकते, आणि मोटार शंभर टक्के वीज कामात लावत नाही, काही उष्णतेत जाते, म्हणून पट्ट्यापर्यंत त्याहून कमी. गिझरचं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं. तिथे ३६८० वॉट, म्हणजे पाच अश्वशक्तीलाही थोडं कमीच. तेव्हा घरच्या साध्या पिनेवर चालणारं यंत्र सलग ६ एचपी देतं असं कोणी म्हटलं, तर ते खोटं आहे हे कळायला इंजिनिअर व्हायला नको. यंत्राच्या पाठीमागे एक पत्रा चिकटवलेला असतो, त्यावर किती वॉट किंवा किती अँपिअर ते छापलेलं असतं. चष्मा लावून तो वाचा. माहितीपत्रक नंतर.

नुसतं चालायला, माणूस साठ-सत्तर किलोचा असेल तर, सलग दीड ते दोन एचपी पुरते. हळू धावायचं असेल तर अडीचच्या आसपास, आणि घरातला तरुण नियमित धावणारा असेल तर तीन. वजनाची मर्यादाही पाहा. मर्यादा १०० किलो लिहिली असेल आणि आपण ९५ चे असू, तर ते यंत्र आपल्यासाठी नाही. वीस-पंचवीस किलोंची सवड ठेवा. आणि कमी वेगाला मोटारीला विश्रांती मिळते असं समजू नका. जड माणूस हळू चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला पट्टा अडतो आणि मोटारीला तो ओढून न्यावा लागतो. म्हणून दुकानात पाहताना मोकळा पट्टा फिरवून पाहू नये. स्वतः उभं राहून ताशी दोनच्या वेगाने पाच मिनिटं चालावं. पाऊल टेकताना पट्टा अडखळतो का, ते तळव्याला लगेच कळतं. लाज वाटते लोकांना दुकानात चालायला. साडी घेताना दहा घड्या मोडायला लावतो आपण, तिथे नाही वाटत.

पट्ट्याची रुंदी चालण्यासाठी निदान ४० ते ४५ सेंटिमीटर आणि लांबी ११० ते १२० हवी. धावायला ५० रुंद आणि १४० लांब. उंच माणसाने लांबीवर तडजोड करू नये, पाऊल आखडून चालायची सवय लागते आणि कंबर बोलायला लागते. आता त्या टेबलाखाली सरकणाऱ्या, दांडा नसलेल्या चपट्या पट्ट्या निघाल्या आहेत. तरुणांनी लॅपटॉपवर काम करताना जरूर वापराव्यात. साठीच्या पुढे धरायला दांडा नसलेलं यंत्र घेऊ नका, स्वस्त असलं तरी.

चढ. इंग्रजीत इनक्लाइन म्हणतात. ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते आणि लोक नेमके इथे पैसे वाचवतात. ताशी ५ किलोमीटरने सपाट चालताना शरीराला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या दीडपटीहून जास्त तो त्याच वेगाने ५ टक्के चढावर लागतो. व्यायामशास्त्रात याची सूत्रं आहेत, त्यांनी हिशेब केला तर साधारण १.६ पट येतं. म्हणजे वेग न वाढवता, धडपडीचा धोका न वाढवता, श्रम वाढवता येतात. ५ टक्के म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर. अर्ध्या तासात अडीच किलोमीटर, म्हणजे १२५ मीटर चढून झालं. चाळीस मजले झाले की हो! आणि उतरायचं नाही. सिंहगडावर जाणाऱ्यांना विचारा, गुडघे चढताना कमी कुरकुरतात, उतरताना जास्त. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन रोखून धरतो आणि तो भार गुडघ्यावर येतो. ट्रेडमिलवर चढ आहे, उतार नाही. ज्यांचे गुडघे थोडे झिजलेत पण चालता येतं, त्यांना ही सोय खरोखर उपयोगी आहे. घोटा किंवा टाच दुखत असेल तर मात्र चढ बेताने, पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. आणि चढ लावून पुढचा दांडा धरून मागे रेलायचं, हे करू नका. मग चढ कागदावर राहतो.

एक शंका नेहमी येते, की पट्टाच पाय मागे ओढतो, मग आपण कुठे श्रम करतो? ही शंका गॅलिलिओने सोडवून ठेवली आहे. समान वेगाने चाललेल्या जहाजाच्या पोटात बसलेल्याला जहाज चाललंय की थांबलंय हे आतल्या कुठल्याच प्रयोगाने कळत नाही. पट्टा समान वेगाने मागे जातोय आणि आपण त्यावर पुढे चालतोय, हे जमिनीवर चालण्यापेक्षा वेगळं नाही. फरक एवढाच की समोरून वारा लागत नाही, आणि चालण्याच्या वेगाला त्या वाऱ्याची किंमत नगण्य असते. वारा नाही म्हणून घाम मात्र जास्त येतो. समोर पंखा ठेवा.

यंत्र सांगतं तो वेग खरा असतो का? बहुतेक ठिकाणी जवळपास खरा असतो, पण तपासता येतो. यंत्र बंद असताना, पिन काढून, पट्ट्यावर खडूने एक रेघ मारा आणि शिंप्याच्या टेपने पट्टा हाताने सरकवत त्याची पूर्ण वेढ्याची लांबी मोजा. समजा २.८ मीटर आली. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला चालायला सांगा आणि एका मिनिटात रेघ किती वेळा वर येते ते मोजा. ३० वेळा आली तर ८४ मीटर मिनिटाला, म्हणजे ताशी ५ किलोमीटर. एवढं प्रत्यक्ष प्रमाण पुरे आहे. उष्मांकाचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. साठ किलोचा माणूस ताशी पाचने अर्धा तास सपाट चालला तर साधारण १०५ उष्मांक खर्च होतात, आणि त्यातले तीसेक तो खुर्चीत बसला असता तरी झालेच असते. एका वडापावाची भरपाई व्हायला दीड-दोन तास लागतात. वजन उतरवण्यासाठी ट्रेडमिल घेणार असाल तर स्वयंपाकघरात आधी बोला.

मग चालून मिळतं काय? १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. दिवसभर बसून असणारे ड्रायव्हर आणि दिवसभर जिना चढणारे-उतरणारे कंडक्टर. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. इथे थांबणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हे. त्यांनीच तीन वर्षांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि दाखवलं की ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर नोकरीला लागतानाच जास्त होती! म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. कार्यकारणाबद्दल वर्गात ह्यूम शिकवताना मी हे उदाहरण देत असे, मुलांना ह्यूमपेक्षा विजारी लक्षात राहायच्या. पण त्यानंतर सत्तर वर्षांत पुरावा साचत गेला. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन असं आहे, की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करावेत. पासष्टीच्या पुढच्यांना त्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगितले आहेत. पहिला भाग ट्रेडमिल भागवते. ताकद आणि तोल ती देत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, हे वेगळं करायला हवं. त्याला पैसे पडत नाहीत म्हणून कोणी सांगत नाही.

सुरक्षेबद्दल मी आवाज चढवून बोलणार आहे. प्रत्येक यंत्राला दोरी लावलेली एक चावी असते, सेफ्टी की. दोरीचा चिमटा सदऱ्याला लावायचा. पाय घसरला की चावी निघते आणि पट्टा थांबतो. बहुतेक घरांत ती चावी यंत्राला कायमची खोचलेली असते आणि चिमटा लोंबत असतो. तो लावा. पदर, ओढणी, पायजम्याची नाडी सांभाळा. अनवाणी चालू नका, आणि ज्यांना मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तर मुळीच नाही. त्यांना घासलेलं कळत नाही आणि जखम आठवडाभराने दिसते. यंत्राच्या मागे सहा फूट जागा मोकळी ठेवा. पाठ भिंतीकडे करून यंत्र ठेवलं आणि माणूस पडला तर तो भिंत आणि फिरता पट्टा यांच्यामध्ये अडकतो. आणि नातवंडं. अमेरिकेत पेलोटन कंपनीने मे २०२१ मध्ये आपल्या एका मॉडेलची सुमारे सव्वा लाख यंत्रं परत बोलावली, कारण लहान मुलं मागच्या बाजूने पट्ट्याखाली ओढली जात होती आणि एक मूल दगावलं होतं. ते मोठं, महाग यंत्र होतं. आपल्या छोट्या यंत्राच्या मागच्या रुळातही बोटं अडकतात. चालून झालं की पिन काढायची आणि चावी उंच कपाटात ठेवायची. सुट्टीत मुलं येणार असतील तर हे आधी.

जागेचं पटकन सांगतो. आरसीसी इमारतीच्या स्लॅबला यंत्राचं आणि आपलं वजन जड नाही, ती भीती सोडा. पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर मात्र ठेवू नका, तळमजल्यावर ठेवा. फ्लॅटमध्ये खाली जाड रबरी चटई हवी. तरीही पहाटे पाचला खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर धप धप होतंच. त्यांना आधी जाऊन विचारा, वेळ ठरवा. पंखा डोक्याला लागत नाही ना, हे चढ पूर्ण वर करून उभं राहून बघा. अर्थिंग तपासून घ्या, एक्स्टेन्शनची वायर वापरू नका.

देखभाल. पट्ट्याखाली दर दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉन ऑइल द्यावं लागतं, पुस्तिकेत अंतर दिलेलं असतं. खोबरेल तेल नाही, शिवणयंत्राचं तेल नाही. पट्टा एका बाजूला सरकायला लागला तर मागच्या स्क्रूला अ‍ॅलन कीने पाव फेरा. पाव म्हणजे पावच. आणि घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हा, की बिघडली तर पुण्यात माणूस किती दिवसांत येतो आणि कंट्रोलर बोर्डाची किंमत किती. मोटारीवर पाच वर्षं वॉरंटी लिहितात. बिघडतो तो बहुधा बोर्ड, आणि त्यावर एकच वर्ष असतं.

आता सवयीबद्दल एकच मुद्दा. अ‍ॅरिस्टॉटलने ज्ञान असणं आणि ज्ञान वापरणं यात फरक केला. भूमिती येणारा माणूस झोपला असेल तर त्याला भूमिती येते, पण ती त्या वेळी काही करत नाही. वस्तूंचंही तसंच. पैसे देताना वाटतं की व्यायामाची सुरुवात झाली. प्रत्यक्षात फक्त वस्तू आली. म्हणून मी लोकांना सांगतो, आधी तीस दिवस घरातल्या घरात, पार्किंगमध्ये, गच्चीवर, जिथे जमेल तिथे ठरलेल्या वेळी वीस मिनिटं चाला. कॅलेंडरवर खूण करा. तीसपैकी बावीस-पंचवीस खुणा झाल्या तर घ्या. दहाच झाल्या तर यंत्राने त्या वीस होणार नाहीत. आणि आणल्यावर गॅलरीत, पडद्यामागे, अडगळीत ठेवू नका. घडी घालून ठेवायची सोय असेल तरी घडी घालू नका. रोज उघडायला लागणारी गोष्ट आठवड्याने उघडली जात नाही.

छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर, यातलं काही असेल, किंवा बरीच वर्षं व्यायाम केलेला नसेल, तर डॉक्टरांना विचारून सुरुवात. पहिले पंधरा दिवस ताशी तीन, चढ शून्य, दहा मिनिटं. चालता चालता वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. थांबताना वेग उतरवत, दोन-तीन मिनिटांत थांबा. एकदम थांबलं की रक्त पायात राहतं आणि चक्कर येते.

प्रश्न घेतो. त्या मागच्या ताई. हो, तुम्ही. त्या विचारताहेत की आई अंथरुणाला खिळलेली आहे, घर दोन खोल्यांचं, ट्रेडमिलला जागाच नाही, मग काय?

मग ट्रेडमिल नको. जिना आहे ना तुमच्याकडे? दार उघडं ठेवून एक मजला वर-खाली, पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. कठडा धरून. तेही नको असेल तर भिंतीशी उभं राहून जागच्या जागी चालणं, गुडघे उचलून, रेडिओवरच्या दोन गाण्यांइतका वेळ. जागच्या जागी करायच्या कामाला यंत्र लागत नाही. आणि ताई, आठवड्यातून दोन दिवस तासभर कोणीतरी आईजवळ बसेल अशी व्यवस्था बघा. भावाला सांगा, वहिनींना सांगा, शेजाऱ्यांना सांगा. तो तास बँकेत घालवू नका.

आणि शेवटचा, जुनी घेतली तर चालेल का? चालेल. लॉकडाऊनमधल्या कितीतरी फारशा वापरल्याच गेलेल्या नाहीत. पण विकणाऱ्याच्या घरी बूट घालून जा आणि वीस मिनिटं चाला. वीस मिनिटांनी जळका वास येतो का, मोटारीचं झाकण हाताला चटका लागण्याइतकं तापतं का, ते बघा. पट्टा कडेने उचलून खालची फळी बघा. मधोमध गुळगुळीत, चकाकणारा पट्टा पडला असेल तर फळी झिजली आहे. मूळ बिल मागा, सेफ्टी की आहे का ते बघा, कारण ती हरवलेली असते आणि तिच्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. आणि भाव ठरवण्याआधी टेम्पोचं भाडं आणि वर चढवायची हमाली विचारून घ्या. पन्नास-साठ किलोंचं धूड असतं, लिफ्टमध्ये मावत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायचे पैसे हमाल खाली उभं राहून वेगळे सांगतो.